पेशंटसोबत कोण आहे?

सरकारी असो वा खासगी, कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा आणि सर्वांत उंच आवाजात विचारला जातो, तो 'पेशंटसोबत कोण आहे?' हा होय. रक्ताची बाटली आणायची असो, संमतिपत्रावर सही करायची असो, अनामत रकमेचा भरणा करायचा असो, की रुग्णाला चाकांच्या खुर्चीवरून तपासणीसाठी खालच्या मजल्यावर न्यायचे असो, या हाकेला ओ देणारे एक माणूस तेथे हजर असणारच, हे रुग्णालयाने गृहीत धरलेले असते. आणि रुग्ण विवाहित असेल तर ते माणूस बहुधा त्याची पत्नी किंवा तिचा पती असते. असे असूनही, ज्याच्यावाचून वॉर्डातले पान हलत नाही त्या माणसाची दखल केसपेपरवरील एक नाव, एक नाते आणि एक फोन क्रमांक यांपलीकडे कोठेही घेतली जात नाही, आणि रुग्ण घरी परतल्यावर तर तेवढीही कोणाला आठवत नाही. आजारपणात जोडीदाराला धीर देणारे शेकडो भेटतात; परंतु त्याचा खरा कस लागतो तो पुढच्या आरोग्यलाभाच्या दीर्घ काळात, आणि नेमक्या त्या काळासाठी आपल्या समाजाने वा सरकारने कसलीही तजवीज करून ठेवलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या विवाहविधीत वराकडून धर्म, अर्थ व काम या तिन्ही बाबतींत पत्नीला सोडून न वागण्याचे वचन घेतले जाते. व्याधीचा उल्लेख त्यात नाही. आणि एकत्र कुटुंबाच्या काळात शुश्रूषा हे घरातील विधवा आत्याबाई, थोरल्या जाऊबाई अशांकडे न विचारताच सोपविलेले काम असल्यामुळे तो उल्लेख करण्याची गरज कोणाला भासली नसेल, हे समजण्यासारखे आहे. नवल वाटते ते याचे की, स्वतंत्र भारताने 1955 साली हिंदू विवाह कायदा केला तेव्हा जोडीदाराच्या व्याधीचा विचार झाला खरा, पण तो सुटकेच्या दिशेने झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्या कायद्यात दाखल झाले. पुढे बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताई यांनी समाजाने टाकलेल्यांचे संसार उभे करून दाखविले, तरीही ते कलम 2019 सालापर्यंत कायद्याच्या पुस्तकात जागा अडवून बसले होते. व्याधिग्रस्त जोडीदाराला केव्हा सोडता येईल हे कायदा 64 वर्षे सांगत राहिला. त्याच्यापाशी राहू इच्छिणाऱ्याला कोणती मुभा मिळेल, हे मात्र त्याने अद्याप सांगितलेले नाही.

आरोग्यलाभाचा काळ कसा असतो हे सांगण्यासाठी मी पक्षाघाताचे उदाहरण घेतो, कारण माझ्या पत्नीच्या निमित्ताने ते मला फार जवळून पाहावे लागले. या व्याधीत पहिले काही तास निर्णायक असतात. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल आणि रुग्ण साडेचार तासांच्या आत योग्य ठिकाणी पोहोचला, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता येते; त्यामुळे धावपळ, रुग्णवाहिका, ओळखीच्या डॉक्टरांना फोन, अतिदक्षता विभागाबाहेरची ती लोखंडी बाके, हे सारे एका विलक्षण वेगाने घडते, आणि त्या वेगातच माणसाला एक प्रकारचे बळ मिळते. आप्तेष्ट येतात, शहाळी आणि मोसंबी यांचा ढीग साठतो, शेजारचे डबे पुरवितात, कचेरीतील साहेबसुद्धा 'इकडची काळजी करू नका' असा निरोप धाडतात. भेटायला येणाऱ्यांपैकी प्रत्येकाला कोणी तरी रामबाण औषध देणारा माहीत असतो आणि तो हटकून तीन जिल्हे पलीकडे राहत असतो, हा भाग सोडा. माणसे मनापासून येतात, यात शंका नाही. पण डिस्चार्ज मिळाला की सर्वांच्या मते आजार संपलेला असतो. सरकारचेही मत फारसे निराळे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरीब रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयातील वास्तव्याचा भार उचलला, हे फार मोठे काम झाले, आणि त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त न करणे अन्यायाचे होईल; तथापि त्या योजनेत घरी परतल्यानंतरच्या तपासणीची आणि औषधांची मुदत धरली आहे ती 10 दिवसांची. पक्षाघातातून सावरताना मेंदूची भरपाईची शक्ती पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत वेगाने काम करते आणि नंतरही मंदगतीने पुष्कळ काळ चालू राहते. म्हणजे जो काळ सर्वांत मोलाचा, तो सर्वस्वी घरातल्या माणसाच्या हवाली केला जातो.

आणि त्या घरातल्या माणसाला येत काय असते? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असताना चहापाण्यासारखा पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याचे भय अधिक, म्हणून त्याहून दाट केलेली पेज बरी. आणि तीही रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगून, एकेका चमच्याने. रुग्णाला उठविताना दुबळ्या हाताला धरून ओढू नये, कारण त्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो आणि प्रेमाने दिलेल्या एका हिसक्याने तो निखळू शकतो. कपडे चढविताना दुबळा हात आधी घालावा आणि उतरविताना तो शेवटी काढावा. हे ज्ञान मला कोणी समोर बसवून दिले नाही. वॉर्डातील एका मावशींनी चादरी बदलता बदलता, 'असं नाही काका, तसं धरा' म्हणून यातले निम्मे शिकविले, आणि उरलेले निम्मे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्याही दिवसाचा अर्धा तास येत, बाकीचे साडेतेवीस तास आमचे आम्हीच. वस्तुतः डिस्चार्ज कार्ड हाती ठेवण्यापूर्वी सोबतच्या माणसाकडून या क्रिया एकदा करवून घेणे, आणि त्या त्याला जमतात असा शेरा कार्डावर मारणे, यात रुग्णालयाचे काय खर्च होणार आहे? औषधांच्या यादीवर तीन-तीन सह्या घेणाऱ्या संस्थांना हे अशक्य नाही.

परंतु अंगमेहनतीचा हा भाग त्यातल्या त्यात सोपा, कारण तो शिकता येतो. त्याहून कठीण असते ते काही न करणे. दुबळ्या बोटांनी गाऊनचे एक बटण लावायला रुग्णाला पाच-सात मिनिटे लागतात, आणि शेजारी बसलेल्या निरोगी माणसाला ती मिनिटे इतकी असह्य होतात की तो पुढे होऊन ते बटण लावून टाकतो. या कृतीला आपण माया म्हणतो, पण तिच्यात मायेपेक्षा घाईचा अंश अधिक असतो, आणि त्या घाईपायी बोटांचा त्या दिवसाचा सर्वांत उपयुक्त व्यायाम बुडतो. वाचेच्या बाबतीत हा मोह आणखी प्रबळ. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजव्या अंगाबरोबर पुष्कळदा शब्दही जातात. रुग्णाला समोरच्या पेल्यात पाणी आहे हे कळते, ते हवे आहे हेही कळते, पण 'पाणी' हा शब्द सापडत नाही. तीच बाई गणपतीची आरती सुरू झाली की पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणते, बारापर्यंतचे पाढे म्हणते, कारण पाठ झालेले बोलणे आणि मनाने जुळविलेले बोलणे यांचे मेंदूतील मार्ग सर्वस्वी एक नाहीत. आता घरच्यांना एवढे ठाऊक नसेल तर ते दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळे होतात: एक तर, हिला सगळे येते पण ही मुद्दाम बोलत नाही; नाही तर, हिला काही समजतच नाही. दुसरा निष्कर्ष अधिक घातक. त्यातूनच, पलंगावर जागी बसलेल्या बाईच्या देखत तिच्या नवऱ्याला 'जेवते का हो ती नीट?' असे विचारण्याचा शिष्टाचार निर्माण होतो. अशा वेळी नवऱ्याने उत्तर न देता पत्नीकडे पाहावे, आणि तिला मान हलवायला जितका वेळ लागेल तितका पाहुण्यांना अवघडल्यासारखे बसू द्यावे, असे मला वाटते. पाहुण्यांचे त्यात काही बिघडत नाही.

मनाची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. पक्षाघातानंतर सुमारे तीनांतील एका रुग्णाला नैराश्य येते, आणि ते पुष्कळ अंशी त्या व्याधीचाच एक भाग असल्यामुळे त्यावर औषधोपचार करता येतो. पण 'जिवावरचं बोटावर निभावलं, देवाचे आभार माना' असे ज्याला दिवसातून चार वेळा ऐकविले जाते, त्याने दुःखी असणे म्हणजे कृतघ्नपणाच ठरतो; मग तो दुःखी असल्याचे सांगत नाही, आणि त्याचे न सांगणे ही सुधारणेची खूण समजली जाते. सोबतच्या माणसाचे नैराश्य तर याहून अदृश्य. त्याची कंबर धरलेली असते, त्याची स्वतःची रक्तदाबाची गोळी कित्येक दिवस चुकलेली असते, आणि फोनवरचा प्रत्येक आवाज त्याला एकच प्रश्न विचारतो, की वहिनी कशा आहेत.

याखेरीज एक प्रश्न असा आहे, की ज्याविषयी आपण मुळीच बोलत नाही. आजाराच्या आणीबाणीत निरोगी जोडीदाराच्या हाती घरातील सारे अधिकार एकवटतात: कपाटाच्या किल्ल्या, बँकेचे व्यवहार, काय शिजवायचे, कोणाला भेटू द्यायचे, कोणती बातमी सांगायची आणि कोणती दडवायची. ते अपरिहार्य असते. परंतु आणीबाणीत हाती आलेले अधिकार आपण होऊन परत करणारा माणूस राजकारणात जितका दुर्मीळ, तितकाच संसारातही. महात्मा गांधींनी कस्तुरबांच्या आजारपणांत त्यांची स्वतः शुश्रूषा केली, आणि त्या काळच्या पतीच्या मानाने ही गोष्ट असामान्यच म्हणावी लागेल. परंतु फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील बंदिवासात बा अखेरच्या घटका मोजीत असताना पुत्र देवदास यांनी विमानाने मागविलेले पेनिसिलिन त्यांना टोचले जाऊ नये, असाच गांधीजींचा आग्रह राहिला. आईला आता सुयांच्या वेदना कशाला, हा त्यांचा विचार होता, आणि तोवर प्रकृती हाताबाहेर गेली होती हेही खरे. तरी वर्षानुवर्षे इतक्या निष्ठेने सेवा करणाऱ्या पुरुषालाही दुसऱ्याच्या देहाविषयी निर्णय घेताना तो आपलाच देह असल्यासारखे वाटू लागते, हे त्या प्रसंगातून मला दिसते. आपण तर सामान्य माणसे. रुग्णाची जीभ वळत नसली तरी त्याची इच्छा शाबूत असते, आणि घरचा हिशेब, मुलीच्या स्थळाचा विचार, दिवाळीला कोणाला काय द्यायचे याचा निर्णय, हे सारे जसजसे जमेल तसतसे त्याच्याकडे परत गेले पाहिजे. वहीतले अक्षर वाकडे येईल, बेरजा चुकतील. येऊ द्यावे, चुकू द्याव्यात.

मी येथवर पती-पत्नी यांच्याविषयी एकाच दमात लिहीत आलो, परंतु हे दोघे या बाबतीत समान नाहीत, आणि तसे भासविणे लबाडीचे होईल. नवरा आजारी पडला तर त्याची बायको रजा काढते, नोकरी सोडते, पदर खोचून उभी राहते, आणि याबद्दल कोणी तिचे विशेष कौतुक करीत नाही. बायको आजारी पडली तर 'घरात बाईमाणूस नाही' अशी हाकाटी होते, नणंद किंवा धाकटी बहीण बोलावली जाते, नवरा बाहेरची व्यवस्था पाहतो, म्हणजे बिले भरतो, रिपोर्ट आणतो आणि डॉक्टरांशी बोलतो, आणि देहाच्या मलमूत्राशी संबंध असलेले सर्व काही दुसऱ्या कोणा स्त्रीकडे जाते. खेड्यापाड्यांत अजूनही दीर्घ आजारी सुनेला 'चार दिवस माहेरी राहून ये, बरी हो' असे सांगून पाठविण्याचा परिपाठ आहे. त्या चार दिवसांचे पुष्कळदा काय होते, ते माहेरच्यांना विचारावे. आपल्या वाङ्मयातही हीच विषमता उतरली आहे. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत न्यायमूर्तींच्या दुखण्याची आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत ज्या बारकाईने आली आहे, तिच्या तोडीचे, एखाद्या पतीने आपल्या पत्नीच्या शुश्रूषेविषयी लिहिलेले पुस्तक मराठीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. रमाबाईंची थोरवी अशी की त्यांचे कार्य आठवणी लिहून थांबले नाही. 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या द्वारे त्यांनी स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, आणि जे काम घरात फुकट व मुकाट्याने होत होते त्याला विद्येची व वेतनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुरुषांना मात्र ते काम घरच्यापुरतेही शिकविणारे सेवासदन अजून निघायचे आहे.

तरी पतीच्या शोकातून या राज्यात काहीच उभे राहिले नाही, असे म्हणता येणार नाही. मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, इंग्लंडमधील त्यांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले दोराबजी वाटेतच निवर्तले. आणि त्यांनी मागे ठेवलेल्या विश्वस्तनिधीतून 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. आज त्या रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर रात्री जी माणसे अंथरूण टाकून पडलेली दिसतात, त्यांतील पुष्कळशी रुग्ण नसतात, रुग्णाचे पती वा पत्नी असतात. त्यांची राहण्याची सोय व्हावी ही दृष्टी आपल्याकडे प्रथम ज्यांना आली त्यांत गाडगेबाबांचे नाव घेतले पाहिजे, आणि त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णाबरोबर त्याच्या सोबत्यालाही आसरा मिळतो. सरकारी खात्यांपैकी सोबत्याला ओळखणारे एक खाते मला ठाऊक आहे, आणि ते आरोग्य खाते नव्हे, रेल्वे खाते होय: उपचारासाठी निघालेल्या कर्करोग्याला ते भाड्यात जी सूट देते, तिच्याबरोबर सोबतच्या एका माणसालाही शयनयान वर्गात 75 टक्के सूट मिळते. आजारी माणूस एकटा प्रवास करीत नाही, हे रेल्वेला समजले आहे.

हे जर रजेच्या नियमांनाही समजले तर पुष्कळ काम होईल. महाराष्ट्रातील सरकारी नोकराला स्वतःच्या दुखण्यासाठी वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा मिळते. जोडीदाराच्या दुखण्यासाठी त्याने साठविलेली अर्जित रजा खर्च करावी, ती संपली की अर्धपगारी, आणि तीही संपली की बिनपगारी. दुकाने व खासगी आस्थापना यांना लागू असलेल्या 2017 च्या राज्य कायद्यात वर्षाकाठी 8 दिवसांची नैमित्तिक रजा आहे. त्या 8 दिवसांत अतिदक्षता विभागातूनही माणूस बाहेर येत नाही. राज्य विमा योजनेतून कामगाराच्या पत्नीला औषधोपचार मिळतो, पण तिच्या उशाशी बसल्यामुळे बुडालेली मजुरी मिळत नाही. या साऱ्यात सर्वांत बोलका आहे तो राज्य सरकारचा 2018 सालचा बालसंगोपन रजेचा निर्णय. महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 180 दिवसांची ही रजा देताना, ज्या पुरुष कर्मचाऱ्याची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे त्यालाही ती लागू करण्यात आली. निर्णय उदार आहे, परंतु त्यातील भाव पाहा: पत्नी अंथरुणाला खिळली आहे ही वस्तुस्थिती सरकारी दप्तराने मान्य केली, आणि रजा दिली ती मुलांना सांभाळण्यासाठी! मुले मोठी झालेल्या, किंवा मुले नसलेल्या माणसाची पत्नी त्याच अंथरुणावर असली तर त्याला या निर्णयाचा काडीमात्र उपयोग नाही. शिवाय आजार असाध्य असला पाहिजे ही अट आहेच; म्हणजे जी बरी होऊ शकते, जिच्यासाठी नवऱ्याने घरी बसून केलेल्या खटपटीचे चीज होण्याचा संभव सर्वांत अधिक, ती यातून वगळली गेली.

अन्यत्र काय चालते ते पाहिले तर जपानच्या कायद्यात कुटुंबातील प्रत्येक आजारी माणसामागे 93 दिवसांची शुश्रूषा रजा असून जोडीदाराचा त्यात समावेश आहे, आणि ती तीन हप्त्यांत विभागून घेता येते, जेणेकरून आरोग्यलाभाच्या चढउतारांप्रमाणे तिचा उपयोग व्हावा. अमेरिकेसारख्या रजेच्या बाबतीत कृपण देशातही 1993 पासून 12 आठवड्यांची, बिनपगारी का होईना, पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा पती वा पत्नीच्या गंभीर आजारासाठी मागता येते.

आपल्याकडे अशी सूचना केली की सचिवालयीन मंडळी खोट्या दाखल्यांची भीती दाखवितात. ती भीती निराधार नाही, पण खोटे दाखले आजही निघतात, आणि त्यांतील बरेचसे याच कारणासाठी निघतात: बायकोच्या उशाशी बसण्यासाठी रजा मिळत नाही म्हणून कारकून स्वतःला विषमज्वर झाल्याचा दाखला आणतो, साहेबांना खरी हकीकत ठाऊक असते, आणि माणुसकी म्हणून ते त्या विषमज्वरावर मंजुरीची सही करतात. म्हणजे रजा दिली जातेच, फक्त ती साहेबाच्या मर्जीवर आणि खोट्या कारणाखाली दिली जाते. आणि ज्याचा साहेब नियमावर बोट ठेवणारा असेल, किंवा जी बाई रोजंदारीवर काम करीत असल्यामुळे तिला साहेबच नसेल, तिला तीही मिळत नाही. रोजंदारीवरील बाईचा प्रश्न रजेने सुटणारा नाही, त्यासाठी फुले योजनेच्याच निधीतून सोबत्याला काही दैनिक भत्ता देता येईल का, याचा निराळा विचार करावा लागेल. सरकारी नोकरांपुरते मात्र नव्या कायद्याचीही गरज नाही. 2018 च्या त्याच निर्णयात जोडीदाराची शुश्रूषा हे एक कारण अधिक घालावे, स्त्री आणि पुरुष दोघांनाही ते लागू करावे, 'असाध्य' या शब्दाच्या जागी 'गंभीर' असा शब्द ठेवावा, आणि पडताळणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला मागावा. वित्त विभागाला यासाठी एक शुद्धिपत्रक काढावे लागेल, आणि अशी शुद्धिपत्रके तो विभाग दर आठवड्याला काढीतच असतो.